परवा चाळीस

पांगरेकरांशी हात मिळवणं धोक्याचं होतं. एकदा आपला हात त्यांच्या हातात गेला की तो लवकर परत मिळत नसे. कुवेतमध्ये, मिरकाब भागातल्या एका जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, कुणाच्या तरी सत्यनारायणाला आमची पहिली गाठ पडली. यजमानांनी ओळख करून दिली, "हे दाते, नाशिकचे, रिफायनरीत इंजिनिअर. आणि हे पांगरेकर, सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपी बघतात." मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, दुसऱ्या हाताचा अंगठा माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला टेकवला आणि जरासा दाबला. मी "आई गं!" म्हणून ओरडलो. कथेत त्या वेळी साधुवाण्याची नाव बुडत होती, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही. "बकाल्याच्या दुकानातून सामानाच्या पिशव्या उजव्या हातानं आनता ना?" ते कानाशी येऊन म्हणाले. "आठ दिवस डाव्या हातानं आना. अन् माझ्यासमोर हो म्हनून घरी विसरू नका."

मी अर्थातच विसरलो. नवव्या दिवशी त्यांचा फोन आला आणि पहिलंच वाक्य होतं, "विसरलाव ना?"

परभणीकडचा हा माणूस ठेंगणा, सावळा, मिशा कातरलेला. दवाखान्यात त्यांचा हुद्दा टेक्निशियनचा होता. आमच्या मराठी मंडळात डॉक्टर बरेच होते, आणि कार्यक्रमात पुढच्या रांगेत कोण बसणार हे न बोलता ठरलेलं असे. पांगरेकर मागे बसत आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. कुणी चुकून डॉक्टर म्हणालं तर हात जोडून सांगत, "मी चोळनारा हाय, बाप्पा. डॉक्टर एकदा कापतो अन् सुटतो. चोळनाऱ्याला रोज यावं लागतं." या "रोज यावं लागतं"मध्ये त्यांचा सगळा स्वभाव आला.

इराकशी झालेल्या लढाईनंतर पेटलेल्या तेलाच्या विहिरी विझवायला आणि मोडलेलं उभं करायला जे अमेरिकन आले, त्यांनी येताना बेसबॉल आणला. शहराबाहेर वाळू दाबून एक मैदान केलं, जाळ्या ठोकल्या, एक पत्र्याची केबिन ठेवली, आणि कंपन्यांचे चार संघ उभे राहिले. आमच्या मुदीरना, म्हणजे मोठ्या साहेबांना, मी एकदा क्रिकेटचा स्कोअर लिहिताना दिसलो होतो. "तुला आकडे लिहिता येतात," ते म्हणाले आणि मला बेसबॉलच्या संघाचा मॅनेजर करून टाकलं. मला तेव्हा त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

क्रिकेटवाल्यांसाठी थोडक्यात सांगतो. या खेळात सहा चेंडूंनी गोलंदाज बदलत नाही. एकच जण टाकत राहतो, शंभरसुद्धा टाकतो. त्याचा हात उतरला की मागे राखून ठेवलेला दुसरा येतो, तो दमला की तिसरा. या मागून येणाऱ्यांना रिलीव्हर म्हणतात. पांगरेकर त्यांना "बदलीवाले" म्हणत. आणि मॅनेजरचं खरं काम एवढंच, की कुठला बदलीवाला कधी उठवायचा आणि कधी निजू द्यायचा.

पांगरेकरांना मी मैदानावर नेलं ते एका खेळाडूचा खांदा दाखवायला. खांदा पाहून झाला तरी ते जाईनात. सगळे खेळ बघत होते आणि हे पाठ फिरवून जाळीमागच्या दोघांकडे बघत होते.

"हे दोघं तिकडं काय करायलेत?"

"बदलीचे आहेत. हात गरम करून ठेवतायत."

"त्यांचे चेंडू कोन मोजायलंय?"

"ते मोजत नाहीत. सामन्यात टाकतील तेवढेच मोजायचे."

"काहून? हे काय पायानं टाकायलेत?"

त्या दिवशी जाळीमागच्या एकाला मी तीन वेळा उठवलं होतं आणि तीन वेळा बसवलं होतं, कारण दर वेळी मैदानात टाकत असलेला गडी सावरला. पांगरेकरांनी मला बाजूला घेतलं. "दातेसाहेब, तवा चुलीवर ठेवला, उतरवला, पुन्हा ठेवला. भाकरी झाली का न्हाई ते तव्याला कळतंय का? तापला तो तापलाच. तुमच्या वहीत या मानसानं एक चेंडू टाकला न्हाई. त्याच्या हाताला इचारा, पन्नास झालेत."

पुढच्या शुक्रवारी ते स्वतःहून आले. सदऱ्याच्या डाव्या खिशात मूठभर खजुराच्या बिया होत्या. जाळीमागे चेंडू पडला की एक बी उजव्या खिशात जाई. संध्याकाळी बिया मोजून आकडा माझ्या हातात. अमेरिकनांना आधी गंमत वाटली. दोन महिन्यांनी बाकीच्या तिन्ही संघांत कुणाचा खांदा तर कुणाचं कोपर गेलं आणि आमचे सगळे धडधाकट राहिले, तेव्हा गंमत वाटायची थांबली. संघात फिलिपिनो होते, कोरियन होते, दोन-तीन आपले होते. सगळे त्यांना काका म्हणायला लागले.

हळूहळू चिठ्ठीची पद्धत पडली. सामन्याच्या सकाळी दवाखान्याच्या जुन्या कार्डाच्या पाठकोऱ्या बाजूवर पांगरेकरांच्या अक्षरात नावं असत आणि पुढे "काल २०", "परवा ३५", "तेरवा १५". तारीख कधीच नाही. मी इंजिनिअर माणूस, मला ते खटके. एकदा म्हणालो, तारीख घाला, घोटाळा होईल. तर म्हणाले, "हाताला तारीख कळत न्हाई. हाताला काल कळतं, परवा कळतं, लई झालं तर तेरवा. त्याच्या मागचं तो इसरतो."

"आणि पुढे किती टाकायचे, ते लिहा की."

"पुढचं मी लिहीत न्हाई. उद्याचा हात मी बघितलाय का?"

हे वाक्य मला शब्दन्‌शब्द आठवतं. आठवत नसतं तर बरं झालं असतं.

नियम सोपे होते. काल टाकले असतील तर आज नाही. परवा तिसाच्या वर गेले असतील तर आज त्याला उठवायचंसुद्धा नाही. हे मला तोंडपाठ होतं.

आमच्याकडे नेस्टर नावाचा एक बदलीवाला होता. फिलिपिनो, आमच्याच प्लँटवर वेल्डर, खैतानमध्ये एका खोलीत पाच जणांबरोबर राही. अंगानं काटकुळा, पण त्याच्या हातातून सुटलेला चेंडू फलंदाजापाशी येऊन असा काही खाली बसे की भले भले हवेत बॅट फिरवून परत जात. त्याला कधीही विचारा, हात कसा आहे, उत्तर एकच: "ओके, सर." पांगरेकर म्हणत, "जो मानूस सारखा ओके म्हनतो, त्याच्या तोंडाला इचारायचं न्हाई, हाताला इचारायचं." आणि दर सामन्याआधी ते नेस्टरचं कोपर दोन्ही हातांत घेऊन डोळे मिटून उभे राहत.

त्या हिवाळ्यात आम्ही अंतिम फेरीत पोचलो. तीन सामन्यांत दोन जिंकायचे. पहिला बुधवारी झाला. मी तेव्हा दुसऱ्या प्लँटच्या शटडाउनवर अडकलो होतो. जिंकल्याचं नुसतं कानावर आलं. दुसरा शुक्रवारी सकाळी. पांगरेकरांची त्या शुक्रवारी ड्यूटी होती, म्हणून त्यांनी चिठ्ठी एका खेळाडूबरोबर पाठवून दिली होती. ती मी केबिनच्या फळ्यावर टाचणीनं लावली आणि न वाचताच मैदानावर गेलो.

शेवटाकडे आम्ही एका धावेनं पुढे होतो. पहिल्याचा हात संपला होता आणि त्याच्यानंतर आणलेल्याला समोरचे बडवत होते. मुदीर खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले होते. मी केबिनमध्ये जाऊन चिठ्ठी पाहिली. लिहिलं होतं: "नेस्टर — परवा ४०."

आपल्या भाषेत परवा गेलेला असतो आणि येणाराही असतो. क्रियापद असलं तर कळतं कुठला ते. चिठ्ठीत क्रियापद नव्हतं. मी मनाशी म्हणालो, ही बुधवारी सामना संपल्यावर लिहिलेली दिसते. बुधवारचा परवा म्हणजे आज. आज चाळीस चालतील.

त्या शब्दाकडे मी दोनदा पाहिलं, हे मला कबूल केलं पाहिजे. चिठ्ठी नेहमी सामन्याच्या दिवसापासून मागे मोजलेली असते, हे मला ठाऊक होतं. पांगरेकर पुढचं लिहीत नाहीत, हेही ठाऊक होतं. केबिनमध्ये फोन होता आणि दवाखान्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता. पाच मिनिटं लागली असती. मी बाहेर आलो आणि नेस्टरला खूण केली.

तो उठला, पण लगेच गेला नाही. "बुधवारी पण टाकलेत, सर," तो इंग्रजीत म्हणाला. त्याच्या तोंडून ओकेशिवाय दुसरं काही मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी चिठ्ठी काढून आणली आणि त्याच्यासमोर धरली. त्याला देवनागरी येत नव्हती, आपला चारही त्याला ओळखता येत नव्हता. त्यानं फक्त अक्षर ओळखलं.

"काका?" त्यानं विचारलं.

"काका," मी म्हणालो.

एकतिसाव्या चेंडूला त्याच्या कोपरातून आवाज आला. धुतलेलं जुनं धोतर पिळताना फाटतं, तसा. नेस्टर खाली बसला नाही, ओरडला नाही. डोक्यावरून पडलेली टोपी त्यानं डाव्या हातानं उचलली आणि उजवा हात पोटाशी धरून चालत बाहेर आला. सामना आम्ही जिंकलो. करंडकासोबत सगळ्यांचा फोटो निघाला, त्यात नेस्टर नाही.

संध्याकाळी पांगरेकर दवाखान्यातून थेट खैतानला आले. खोलीत खाटा एकावर एक, मधल्या वाटेत सगळा संघ दाटीवाटीनं उभा. त्यांनी कोपर हातात घेतलं आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "चिठ्ठी कुठाय?" मी खिशातून काढून दिली. ती वाचायला त्यांना क्षण पुरला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन म्हणायला हवं होतं, माझं चुकलं.

"गलती मेरा है," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं, तिथे सगळ्यांनाच कामापुरत्या कळणाऱ्या हिंदीत म्हणाले. "मैंने गलत लिखा. नेस्टर, माफ करना."

जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हणालो, पांगरेकर, हे काय बोललात तुम्ही? ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "दातेसाहेब, त्या पोराची वेल्डिंगची परीक्षा हाय चार महिन्यांनी. नापास झाला तर नोकरी जाईल. हात आला तर आला. न्हाई आला तर तुमच्या साहेबाकडं बोलायला कुनीतरी वजनाचा मानूस लागंल. मी कोन तिथं? चोळनारा. तुमचं वजन शाबूत राहू द्या. ते कामाला येईल."

डॉक्टरांच्या मते कोपरातली हाडं बांधून ठेवणारी दोरी निम्मीअधिक फाटली होती. विश्रांती, व्यायाम आणि मग नशीब. पांगरेकर रोज ड्यूटी संपली की रिग्गईला घरी न जाता बस पकडून खैतानला जात, तासभर त्या हाताला व्यायाम देत आणि मग घरी जात. चार महिन्यांत एकही दिवस चुकला नाही. काकांच्या चुकीमुळे हात गेला असं समजणाऱ्या संघातल्या माणसांच्या नजरा सोसत ते त्या खोलीत जात होते. मैदानावर मात्र त्या शुक्रवारनंतर त्यांनी पाऊल ठेवलं नाही.

परीक्षेत डोक्यावरच्या पाइपचा जोड खालून भरायचा असतो, हात वर धरून, न थरथरता. मग त्या जोडाचा एक्स-रे काढतात. नेस्टरनं पहिले तीन चांगले भरले. चौथ्याला हात हलला आणि एक्स-रेमध्ये आत पोकळी दिसली.

मुदीरनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "दाते, तू याला ओळखतोस. टूलरूममध्ये हत्यारं देण्याघेण्याच्या कामावर तीन महिने ठेवू का? मग पुन्हा परीक्षा घेऊ. तू म्हणशील तसं." माझं नाव त्याच आठवड्यात वरच्या जागेसाठी गेलं होतं. नेस्टरला ठेवायचं तर कारण लिहावं लागणार. कारण लिहिलं तर तो शुक्रवार निघणार. तो निघाला तर चिठ्ठी कुणी चुकीची वाचली हेही निघणार. हे सगळं माझ्या डोक्यात इतक्या झटपट आलं की मला आजही त्याची लाज वाटते. मी म्हणालो, "रिपोर्ट तर स्पष्ट आहे, सर."

त्यांनी परत पाठवायच्या कागदावर सही केली.

पांगरेकरांना मी फोनवर एवढंच सांगितलं, नापास झाला, परत पाठवतायत. ते "बरं" म्हणाले. पुढे काही विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. नेस्टरला विमानतळावर पोचवायला तेच गेले. मी सांगितलं की माझी शिफ्ट आहे. शिफ्ट नव्हती.

नंतर अमेरिकनांची कंत्राटं संपली, संघ मोडले, मैदानावर वाळू चढली. मला वरची जागा मिळाली. पांगरेकर मंडळाच्या कार्यक्रमांना येत, मागच्या रांगेत बसत, भेटले की हात मिळवत आणि लगेच सोडून देत. माझ्या कोपराचं पुन्हा कधी त्यांनी नाव काढलं नाही. अशी दहा-अकरा वर्षं गेली. कुवेतची गुरुवार-शुक्रवारची सुट्टी जाऊन शुक्रवार-शनिवार झाली, त्याच वर्षी कळलं की पांगरेकरांच्या पोटात गाठ आहे, आणि ती फार पसरली आहे.

ज्या दवाखान्यात आयुष्यभर लोकांचे हात चोळले, तिथेच ते आडवे होते. हाताची हाडं वर आली होती. वहिनी खाली औषध आणायला गेल्या होत्या. मी खुर्ची ओढून बसलो. मुलं काय करतात, गावी थंडी किती, असलं काहीबाही बोलत राहिलो. ते ऐकत नव्हते.

"दातेसाहेब, एक इचारू का?"

"विचारा ना."

"तवा तुम्ही साहेबाशी बोललाव होता का? नेस्टरचं?"

अकरा वर्षं हा प्रश्न त्यांनी जवळ ठेवला होता. मी खिडकीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्या दिवशी दवाखान्यात खरं सांगायला गेलो होतो असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. मी तसा गेलो नव्हतो.

"बोललो होतो," मी म्हणालो. "पुष्कळ बोललो. ऐकलं नाही त्यांनी."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. "लई चांगलं केलाव," ते म्हणाले. "मला वाटायचं, इचारावं का न्हाई. न्हाई म्हनलाव असता, तर मी काय केलं असतं?" आणि त्यांना झोप लागली.

सहाव्या दिवशी ते गेले. गावी न्यायचे कागद होईपर्यंत आम्ही सगळे रिग्गईच्या त्यांच्या घरी बसून होतो. वहिनी येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगत होत्या, माणसं अशा वेळी सांगतात तसं. मग फोन वाजला. त्यांनी घेतला, हिंदीत दोन वाक्यं बोलल्या आणि माझ्याकडे पाहून रिसीव्हर पुढे केला.

"नेस्टर हाय. त्याच्या गावाहून. यांनीच गेल्या आठवड्यात मला त्याला फोन लावायला सांगितला होता. म्हनाले, त्याला इतकी वर्षं वाटत असंल की आपल्यासाठी कुनी तोंड उघडलं न्हाई. त्याला कळू द्या की दातेसाहेब भांडले होते. स्वतः बोलले हो त्याच्याशी, धाप लागायली होती तरी."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी रिसीव्हर कानाला लावला. नेस्टर आधी काकांबद्दल बोलला, मग रडला. मी विचारलं, हात कसा आहे. तो म्हणाला, वर जात नाही, सर, पण मुलगा आता कमवायला लागलाय. मग तो थांबला आणि म्हणाला, "काकांनी मला सांगितलं, सर. तुम्ही माझ्यासाठी भांडलात. मी तुम्हाला इतकी वर्षं वाईट समजत होतो. मला माफ करा."

"त्यात काय एवढं," मी म्हणालो, आणि फोन वहिनींच्या हातात दिला.